पाच, पॅचुली आणि शालीतली कसर: या तेलाला औषधाचं नाव कुठून चिकटलं

गजऱ्यात मरवा-दवण्याच्या जोडीला एक खरबरीत हिरवं पान असतं ना, ती पाच. चुरगळलं की मातीचा, थोडा कापरासारखा वास बोटांना चिकटून राहतो. हल्ली पॅचुली ऑइलच्या बाटल्या ऑनलाइन दिसतात त्या याच खानदानातल्या, पण सेम झाड नाही बरं का. आपली पाच म्हणजे पोगोस्टेमॉन हेनिआनस आणि बाटलीतलं तेल येतं पोगोस्टेमॉन कॅब्लिनपासून, दोघी तुळशीच्या कुळातल्या. कॅब्लिन हे नाव फिलिपिन्समधलं, आणि पॅचुली हा शब्द तमिळमधल्या पच्चै म्हणजे हिरवं आणि इलै म्हणजे पान यावरून आला असं सांगतात.

आता गंमत अशी की युरोपात पॅचुलीचं पान औषध म्हणून गेलंच नाही, ते गेलं कसर लागू नये म्हणून. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली जहाजाने तिकडे जायच्या तेव्हा घड्यांमध्ये ही वाळलेली पानं घालायचे, त्यामुळे शालीला वास लागायचा, आणि मग तिकडच्या बायका वासावरूनच शाल अस्सल का नकली ते ओळखायला लागल्या. फ्रान्समधल्या कारखानदारांना हे गुपित कळल्यावर त्यांनी पानंच मागवली आणि स्वतःच्या शालींना तोच वास लावून विकल्या! मार्केटिंग काय आजचं नाही.

औषधाची गोष्ट खरी चीनमधली. तिथे पॅचुलीच्या पानाला ग्वांग हुओश्यांग म्हणतात, ग्वांग म्हणजे ग्वांगडाँग, चीनचा दक्षिणेकडचा प्रांत. हुओश्यांग झेंगची नावाचा काढा सोंग राजवटीतल्या सरकारी औषधसंग्रहात आहे, म्हणजे नऊशे वर्षं तरी झाली. दमट उन्हाळ्यात मळमळ, उलट्या, जुलाब झाले की तो देतात, अजूनही घरोघरी असतो, आणि 2020 मध्ये तिथल्या सरकारच्या कोविड गाइडलाइनमध्येही त्याचं नाव होतं. पण नीट बघा, हे पान आहे आणि एकटं नाही, आलं, ज्येष्ठमध, संत्र्याची साल अशा बऱ्याच गोष्टींबरोबर शिजवलेलं. तेलाची बाटली तोंडाला लावायची असं तिथे कुणी म्हटलेलं नाही.

मग तेल औषध कसं झालं? विसाव्या शतकात फ्रेंच केमिस्ट गातफोसेने अरोमाथेरपी (वासाच्या तेलांनी उपचार) हा शब्द रुळवला, साठच्या दशकात हिप्पी लोकांनी पॅचुली अंगाला फासली (गांजाचा वास झाकायला, असंही म्हणतात), आणि हळूहळू चिनी पानाचे गुण, अत्तराची हौस आणि शालीतली कसर हे सगळं एकाच लेबलवर आलं, त्यात डिप्रेशन, केसातला कोंडा, सुरकुत्या पण घुसल्या. तेलातल्या पॅचुली अल्कोहोल, पोगोस्टोन वगैरे घटकांवर लॅबमध्ये आणि उंदरांवर काम झालंय, सूज आणि जंतूंवर परिणाम दिसतो, पण माणसांवरचे मोठे अभ्यास जवळपास नाहीतच.

सेफ्टीचं म्हणाल तर बाकीच्या बऱ्याच तेलांपेक्षा ही पॅचुली गरीब गाय आहे. लिंबाच्या तेलासारखी उन्हात त्वचा भाजत नाही, अमेरिकेत खाण्यात फ्लेवर म्हणून अगदी थोडी वापरायला परवानगी आहे. तरी खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पातळ केल्याशिवाय अंगाला लावू नका, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा, काहींना पुरळ येतं. तेलातला एक घटक प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकींना चिकटण्याला अडवतो असं लॅबमध्ये दिसलंय, म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर पोटात अजिबात नको आणि डॉक्टरांना सांगा. गरोदर बायका आणि लहान मुलांनाही पोटात द्यायचं नाही.

आणि चीनवरून कुणी त्या हुओश्यांग झेंगची काढ्याचं तयार लिक्विड आणलं तर आधी लेबल बघा, त्यातल्या एका प्रकारात चांगलंच अल्कोहोल असतं. काही सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिक्स चालू असताना ते घेतलं तर चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या असलं सगळं होऊ शकतं. तिथे त्याच औषधाच्या बिनअल्कोहोलच्या कॅप्सूल पण मिळतात.