मुलांचं बीपी आणि मज्जारज्जू

लहान मुलाच्या पायांतली ताकद अचानक गेली, लघवी अडली, की डॉक्टरांच्या मनात आधी येते मज्जारज्जूची गाठ किंवा दाह. अशा वेळी दंडाला बीपीचा पट्टा बांधायचा राहून गेला, तर एक दुर्मीळ, पण सुधारता येणारं कारण नजरेतून सुटतं. ते कारण म्हणजे बेसुमार वाढलेला रक्तदाब.

मेंदू आणि मज्जारज्जूतल्या बारीक रोहिण्या दाब वाढला की आकसतात, उतरला की सैलावतात. म्हणून आतला रक्तपुरवठा एकसारखा राहतो. दाब त्यांच्या आवाक्याबाहेर गेला की ही राखण कोलमडते आणि केशवाहिन्यांतून पाणी आजूबाजूला झिरपू लागतं. मेंदूत सूज आली की डोकं दुखतं, झटके येतात, दिसेनासं होतं. क्वचित ही सूज मानेतून खाली मज्जारज्जूत उतरते. एमआरआयमध्ये रज्जूच्या मधोमध, कित्येक मणक्यांच्या उंचीची पांढरी रेघ दिसते. चित्र इतकं भयंकर, तरी काही मुलांचे हातपाय व्यवस्थित चालत असतात! बीपी आटोक्यात आलं की बहुतेकदा ती रेघ पुसट होत जाते.

पण बीपी उतरवायचं किती वेगाने? खरी जोखीम इथे आहे. महिनोन्महिने चढ्या दाबात राहिलेल्या रोहिण्यांना तोच दाब अंगवळणी पडलेला असतो. तो एकदम खाली आणला, तर मज्जारज्जूला रक्त अपुरं पडतं. रज्जूचा पुढचा दोन तृतीयांश भाग एकाच उभ्या रोहिणीवर अवलंबून आहे. तिथला पुरवठा तुटला तर पाय कायमचे लुळे पडू शकतात, दृष्टीच्या नसेला फटका बसला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून पहिल्या 8 तासांत, ठरवलेल्या एकूण घटीच्या 25 टक्क्यांहून जास्त उतरवत नाहीत. वरचा आकडा 200 वरून 120 वर आणायचा असेल, तर 8 तासांनंतरही तो 180 च्या आसपासच असतो. उशाशी बसलेल्या आईवडिलांना वाटतं, औषध लागूच पडत नाही. त्यांना हे आधी समजावून सांगायलाच हवं.

मुलांत इतकं बीपी चढण्यामागे बहुधा मूत्रपिंडाचा आजार, मूत्रपिंडाच्या रोहिणीचं किंवा महारोहिणीचं अरुंद होणं असतं. मोजताना पट्टाही मापाचा हवा. त्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान 40 टक्के लागते; पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो. हाताचं बीपी जास्त निघालं, तर पायाचंही मोजावं. पायाचं हाताहून कमी भरलं, तर महारोहिणी अरुंद असल्याची शंका तिथेच घेता येते.