रातपाळीची मोटर दिवसपाळीला

माझ्या लहानपणी आमच्या घरचं वेळापत्रक विहिरीवरच्या मोटरीची लाईट ठरवायची. काही दिवस दिवसपाळी, काही दिवस रातपाळी. रातपाळी असली की वडील बारा-एकला उठायचे, गमबूट चढवायचे आणि बॅटरी नि काठी घेऊन उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, निघायचे. आमचा भाग जुन्नरचा. उसात बिबट्या, बांधावर घोणस. पहाटे मोरीवर पाय धुतल्याचा आवाज आला की मग आईचा डोळा लागायचा.

शेतीला रात्रीची लाईट का, याचं उत्तर कोळशाच्या बॉयलरमध्ये आहे. औष्णिक केंद्र पंख्याच्या बटणासारखं चालू-बंद करता येत नाही. थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापवायला कित्येक तास लागतात. म्हणून मागणी उतरली तरी रात्रभर तो धगधगत ठेवावा लागतो. त्या विजेला गिऱ्हाईक हवं असतं, आणि शेतकरी हे हक्काचं गिऱ्हाईक ठरलं.

आता एका मोटरीचा हिशोब करू. पाच एचपीची मोटर आठ तास चालली की साधारण 30 युनिट वीज खाते. कोळशापासून एक युनिट बनवताना जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका विहिरीवर एक पाळी झाली की सुमारे 30 किलो. महाराष्ट्रात असे कृषिपंप 40 लाखांहून जास्त आहेत. हवेत गेलेल्या या वायूचा मोठा भाग शतकानुशतकं तिथंच राहतो आणि उष्णता धरून ठेवतो. तापमान वाढलं की पिकाच्या पानांतून आणि मातीतून जास्त पाणी उडतं, मग मोटर आणखी तास चालवावी लागते. पिकाची तहान भागवताना आपण ती वाढवतही असतो. मला हे चक्र फार अस्वस्थ करतं.

ते तोडण्याची सर्वांत सरळ जागा मला सौर कृषी वाहिनीत दिसते. राज्याने ही योजना 2017 मध्ये आणली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. गावाजवळच्या सबस्टेशनपासून काही किलोमीटरवर पडीक जमिनीत सौर पॅनेल उभी करायची आणि ती वीज थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे फक्त कृषिपंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला, द्यायची. एक मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जागा लागते.

पॅनेलमध्ये हलणारा भाग एकही नसतो. सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या दोन थरांत वेगवेगळी मूलद्रव्यं अगदी किंचित मिसळलेली असतात, त्यामुळे त्यांच्या सीमेवर कायमचं विद्युतक्षेत्र तयार होतं. प्रकाशाने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन हे क्षेत्र एकाच दिशेला ढकलतं. तोच प्रवाह. पुढे इन्व्हर्टर त्याची मोटरीला लागते तशी एसी वीज करतो, रोहित्र दाब वाढवतं आणि वीज आसपासच्याच शिवारात वापरली जाते. पॅनेल बनवताना, वाहून आणताना कार्बन लागतोच. पण पंचवीसेक वर्षांच्या विजेवर तो वाटला तर युनिटमागे शंभर ग्रॅमही भरत नाही. कोळशाचा आकडा किलोत आहे.

मला यातली खरी सुंदर गोष्ट वेळेची वाटते. ज्या उन्हाने पीक सुकतं, त्याच उन्हात पॅनेल वीज देतं. पावसाळ्यात ढगांनी वीज घटते, पण तेव्हा बहुतेक मोटरीही बंदच असतात. घरातला दिवा दुपारी लावून रात्रीचा अंधार जात नाही. पिकाला मात्र दुपारी दिलेलं पाणी रात्रीही पुरतं. विजेऐवजी पाणी साठवता येतं, शेततळ्यात किंवा मुळांजवळच्या ओलीत. सौर वीज साठवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

अडचणीही आहेत. पॅनेलची क्षमता 25 अंशाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ती सुमारे 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. मराठवाड्यात एप्रिलच्या भर दुपारी पॅनेल 60 अंशांवर तापलं तर दहा ते चौदा टक्के वीज कमी. दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. दिवसा भरपूर लाईट मिळाली की उपसाही वाढू शकतो, आणि भर उन्हात पाटाने पाणी सोडलं तर बरंच उडून जातं. ठिबक नसेल तर कार्बन वाचेल, पण विहीर आटेल.

उरते ती संध्याकाळ. सूर्य मावळतो तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात. इथे घाटघरचा जलविद्युत प्रकल्प आठवतो. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय, खाली शहापूरच्या बाजूला दुसरा, मध्ये सुमारे 400 मीटरची उंची. वीज उरली की पाणी वर चढवायचं, टंचाई झाली की खाली सोडून 250 मेगावॉटपर्यंत वीज घ्यायची. चढवायला चार युनिट लागले तर उतरताना तीनच्या आसपास परत मिळतात. अशा उदंचन प्रकल्पांची मूळ कल्पना रात्रीच्या उरलेल्या विजेवर पाणी चढवण्याची होती. जसजशी दुपारची सौर वीज वाढेल, तसतशी ही मोठी मोटरही आमच्या विहिरीवरच्या मोटरीसारखीच रातपाळी सोडून दिवसपाळीवर येऊ शकेल.