टॉवर एक, भाडेकरू तीन

2007 च्या नोव्हेंबरात भारती (एअरटेल), व्होडाफोन एस्सार आणि आयडिया या मोबाइल सेवेतल्या तीन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून इंडस टॉवर्स ही मोबाइल टॉवरची कंपनी काढली. पहिल्या दोघींचा वाटा 42-42 टक्के, आयडियाचा 16. एकमेकींचे ग्राहक पळवणाऱ्या कंपन्या टॉवर भागीत घ्यायला तयार झाल्या, कारण मनोरा, जागेचं भाडं, डीजी सेट (डिझेल जनरेटर), बॅटरी हा खर्च भाडेकरू, म्हणजे टॉवर वापरणाऱ्या कंपन्या, वाढले म्हणून त्या प्रमाणात वाढत नाही. समजा एकटीला महिना 100 रुपये पडतात आणि प्रत्येक नव्या भाडेकरूमागे 20 वाढतात. तिघी आल्या तर एकूण 140, म्हणजे प्रत्येकी 47 च्या आत.

मारिया बेंगट्सन आणि सोरेन कॉक या संशोधकांनी 2000 साली अशा स्पर्धा-सहकार्याचा अभ्यास मांडला. स्वीडनमधल्या बिअर कंपन्या रिकाम्या बाटल्या परत आणण्यात एकत्र होत्या, वितरणात मात्र एकमेकींशी झुंजत होत्या. निष्कर्ष असा, की ग्राहकापासून जे काम दूर, त्यात हातमिळवणी सोपी. मला यात एक पुरवणी जोडावीशी वाटते: ही रेघ हलते. 'आमची रेंज गावागावात' हाच विक्रीचा मुद्दा होता तेव्हा टॉवर ग्राहकाला अगदी चिकटून होता. रेंज सगळ्यांचीच पोचली, आणि तो मागच्या खोलीतला खर्च झाला.

प्रत्यक्ष साइटवर मात्र कुरबुरी असतातच. वरची जागा सगळ्यांना हवी असते, पण मनोरा ठरावीक वाऱ्याचा दाबच पेलतो. नवा अँटेना चढवण्याआधी त्याचं क्षेत्रफळ धरून पुन्हा हिशेब करावा लागतो. अँटेनांमध्ये पुरेसं अंतर नसेल तर एकाचं प्रक्षेपण दुसऱ्याच्या रिसीव्हरमध्ये घुसतं. लेड-ॲसिड बॅटरीवरचा लोड दुप्पट झाला की बॅकअप निम्म्याहूनही कमी होतो, आणि वीज गेल्यावर बॅटरी संपली की सगळ्यांचंच नेटवर्क एकदम बसतं.

माहितीची गळती हा त्याहून नाजूक भाग. कोणती कंपनी कुठे जागा मागते, यावरून तिची पुढची चाल कळते. त्यामुळे टॉवरचा कारभार वेगळ्या कंपनीकडे असणं सोयीचं.

भागीदारच एकत्र आले तर? 2018 च्या ऑगस्टअखेर व्होडाफोन इंडिया (आधीची व्होडाफोन एस्सार) आणि आयडिया यांचं विलीनीकरण झालं. ज्या टॉवरवर दोघी होत्या, तिथे आता एकीचंच भाडं पुरेसं होतं. टॉवर कंपनीचं उत्पन्न घटलं, लोखंड मात्र तेवढंच उभं. मुदतीआधी साइट सोडली तर किती भरपाई द्यायची, हे करारात आधीच लिहितात ते यासाठी.