ग्रे स्लोनचा इंटर्न आणि परळचा इंटर्न

'ग्रेज ॲनाटॉमी' ही सिएटलच्या एका हॉस्पिटलातली (पुढे त्याचं नाव ग्रे स्लोन पडतं) अमेरिकन मालिका पहिल्यांदा बघणारं मराठी घर पहिल्याच भागात एका जागी हमखास थबकतं. जॉर्ज ओ'मॅली हा इंटर्न, ड्यूटीचा पहिला दिवस, आणि डॉक्टर बर्क त्याला अपेंडिक्सच्या ऑपरेशनला उभं करतो. नुसता बघायला नाही, करायला. मग सोफ्यावरून कोणीतरी म्हणतंच, "इंटर्नच्या हातात सुरी? आपल्याकडे इंटर्नला बीपी बघायला ठेवतात!"

शंका रास्त आहे. तिचं उत्तर असं की सिएटलचा इंटर्न आणि परळ, सायन किंवा भायखळ्याच्या मोठ्या हॉस्पिटलात दिसणारा इंटर्न या दोन वेगळ्या पायऱ्यांवरच्या व्यक्ती आहेत. मी ही मालिका मनापासून बघणाऱ्यांपैकी. मेरेडिथ, क्रिस्टीना, इझी, ॲलेक्स आणि जॉर्ज या तिच्यातल्या पाच इंटर्नवर माझा जीव आहे. म्हणूनच मला वाटतं की त्यांच्यावर रागवायचं असेल किंवा त्यांच्यासाठी रडायचं असेल, तर ते नेमके कोण आहेत हे आधी कळायला हवं.

अमेरिकेत शाळेनंतर चार वर्षं साधी पदवी, मग चार वर्षं मेडिकल कॉलेज. तिथून बाहेर पडणारा एमडी असतो. हा एमडी म्हणजे आपल्याकडे मेडिसिन किंवा बालरोगात तीन वर्षं घालवून मिळणारा एमडी नव्हे. तिथे सर्जनच्या नावापुढेही एमडीच, कारण ती पायाभूत पदवी आहे. शेवटच्या वर्षात विद्यार्थी निरनिराळ्या हॉस्पिटलांत मुलाखती देतात आणि मार्चमध्ये 'मॅच'चा निकाल लागतो. कोण कुठे जाणार आणि कोणत्या विषयात जाणार, दोन्ही त्याच दिवशी ठरतं. जुलै उजाडला की काम सुरू. त्या कामाचं पहिलं वर्ष म्हणजे इंटर्नचं वर्ष, पाच वर्षांच्या सर्जरी रेसिडेन्सीतलं, म्हणजे हॉस्पिटलात काम करत सर्जन होण्याच्या प्रशिक्षणातलं, पहिलं. पहिल्या भागात सर्जरीचा प्रमुख वेबर नव्या मुलांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन सांगतो की महिन्यापूर्वीपर्यंत तुम्हाला डॉक्टर शिकवत होते, आजपासून डॉक्टर तुम्हीच. तो शब्दशः खरं बोलतो. मेरेडिथ त्या थिएटरमध्ये पाऊल टाकते तेव्हा ती डॉक्टर आहे, आणि सर्जरीचीच आहे.

आपला इंटर्न अजून कुणाचाच नसतो. साडेचार वर्षं एमबीबीएसचा अभ्यास, परीक्षा पास, आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. तोवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तात्पुरती असते, वर्ष पुरं झालं की कायमची मिळते. त्या वर्षात त्याला सगळ्या विभागांतून फिरावं लागतं: मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग, हाडं, डोळे, कान-नाक-घसा, कॅज्युअल्टी. सर्जरीच्या वाट्याला जेमतेम दीड महिना येतो. सगळ्यात लांब पोस्टिंग कम्युनिटी मेडिसिनचं, सुमारे तीन महिन्यांचं. सायनचे इंटर्न त्यासाठी धारावीतल्या 'छोटा सायन'ला जातात, केईएमचे मालवणीला. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, क्षयरोगाच्या गोळ्या नीट चालू आहेत ना याची चौकशी. मेरेडिथच्या पहिल्या वर्षात यातलं काहीच नाही. तिला सिएटलच्या वस्तीत कुणी पाठवत नाही, कारण तिचा विभाग केव्हाच ठरलेला आहे.

माझी मामेबहीण मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात इंटर्न होती तेव्हा तिचा ॲप्रन मी बघितलाय. एका खिशात टूर्निकेट, चिकटपट्टी आणि कापूस. दुसऱ्यात रक्ताचे बल्ब, जांभळ्या टोपणाचे सीबीसीसाठी, लाल टोपणाचे बाकीच्या तपासण्यांसाठी. प्रत्येक बल्बवर पेशंटचं नाव बारीक अक्षरात. सकाळी सातला वॉर्डात कलेक्शन, मग ते सगळं लॅबला पोचवायचं, फॉर्म भरायचे, कालचे रिपोर्ट ट्रेस करायचे, सलाइन लावायचं, कॅथेटर घालायचा, ड्रेसिंग करायची. स्त्रीरोगाच्या पोस्टिंगला सीनियरच्या देखरेखीखाली बाळंतपणं. कॅज्युअल्टीला कातडी शिवणं. आणि हे सगळं उरकून लायब्ररीत 'नीट पीजी' या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा अभ्यास, कारण कोणत्या विषयात जायचं याचा फैसला तिथे होणार असतो. अमेरिकेत हा फैसला इंटर्न होण्याआधी होतो, आपल्याकडे इंटर्नशिप संपल्यावर. माझ्या मते या दोघांतला सगळ्यात मोठा फरक हाच, बाकीचे त्याच्या पोटात येतात.

मग जॉर्ज ओ'मॅलीचा मुंबईतला जोडीदार कोण? सर्जरीचा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. जेआर-वन. जुने लोक त्याला अजून हाऊसमन म्हणतात, वर्तमानपत्रं निवासी डॉक्टर. एमबीबीएस झालेला, इंटर्नशिप संपवलेला, कायमची नोंदणी असलेला, नीट पीजीतून जनरल सर्जरीची जागा मिळवलेला. तीन वर्षांच्या एमएसचं त्याचं पहिलं वर्ष चालू असतं. वॉर्डात केसपेपर लिहितो तो, डिस्चार्ज कार्ड बनवतो तो, युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवशी रात्रभर धावतो तोही तोच. थिएटरमध्ये आधी रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी ठेवणारं हत्यार, धरून उभा राहतो, मग गळू फोडणं, मग कधीतरी सीनियर समोर उभा असताना अपेंडिक्स.

हे डोक्यात ठेवून जॉर्जचा तो प्रसंग परत बघा. वर काचेमागे बाकीचे इंटर्न गर्दी करून बसलेत, तो कुठवर पोचेल यावर पैजा लागल्यात. अपेंडिक्स बाहेर येतं, वर टाळ्या पडतात. उरतो शेवटचा टाका. अपेंडिक्सचा बुडखा आत दाबत त्याभोवतीचे दोरे वर ओढून घ्यायचे. जॉर्ज जरा जास्त ओढतो आणि मोठ्या आतड्याचं तोंड, म्हणजे सीकम, फाटतं. रक्त वर येतं, मशीन ओरडू लागतं आणि जॉर्जचे हात जागच्या जागी थिजतात. बर्क त्याला बाजूला करून ऑपरेशन ताब्यात घेतो. तेव्हापासून त्याला 'डबल ओ सेव्हन' नाव पडतं, मारण्याचा परवाना असलेला. आपला इंटर्न म्हणून बघितलं की हा प्रसंग अशक्य वाटतो. जेआर-वन म्हणून बघितलं की तो शक्य होतो, फक्त वेळ चुकलेली दिसते. पहिल्या दिवशी हे कुठेच होत नाही, पहिल्या वर्षात होऊ शकतं. आणि मग जॉर्जची कीव येत नाही, बर्कचा राग येतो. माझा तर अजून येतो. ज्या मुलाचे हात अजून सरावलेले नाहीत त्याला गॅलरी भरवून उभं करणं म्हणजे शिकवणं नव्हे.

इझीचं प्रकरण आणखी गंभीर. दुसऱ्या सीझनच्या शेवटी ती डेनीच्या, म्हणजे ज्याच्या प्रेमात ती पडली आहे त्या पेशंटच्या, हृदयाला आधार देणाऱ्या एलव्हॅड यंत्राची वायर कापते. त्याची तब्येत खालावली की प्रत्यारोपणाच्या यादीत तो वर सरकेल, हा तिचा हिशेब. तेच हृदय दुसऱ्या एका पेशंटलाही मिळू शकलं असतं आणि तो यादीत डेनीच्या काही सेकंदच आधी लागलेला होता. आपल्याकडे चर्चेत बऱ्याच जणी तिची बाजू घेतात: बिचारी इंटर्न, शिकाऊ, प्रेमात आंधळी. प्रेमाबद्दल मी काही बोलणार नाही, डेनी गेल्यावर गुलाबी गाउनमध्ये ती त्याच्या शेजारी पडून राहते तो प्रसंग मला अजून बघवत नाही. पण 'शिकाऊ' ही सबब चालत नाही. ती एमडी झालेली डॉक्टर आहे, त्या पेशंटची जबाबदारी तिच्याकडे आहे आणि वायर कापल्यावर काय होईल हे तिला तंतोतंत ठाऊक आहे. वॉर्डातल्या एखाद्या जेआर-वनने हे केलं असतं तर आपण त्याला लहान म्हणून सोडलं असतं का? मी नसतं सोडलं. आणि बाकीचे चौघंही गप्प राहून तिला पाठीशी घालतात, त्याचंही मला तेवढंच वाईट वाटतं.

तासांची गोष्टही दोन्हीकडे बघण्यासारखी आहे. पहिल्या भागात शिफ्ट अठ्ठेचाळीस तासांची सांगितली आहे. मालिका सुरू झाली २७ मार्च २००५ ला. अमेरिकेत जुलै २००३ पासूनच रेसिडेंटांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा लागू होती आणि सलग ड्यूटीलाही हद्द होती, म्हणजे ती शिफ्ट नियमाबाहेरची. त्या नियमामागे एक खरं मरण आहे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांत गेली. तिला बघणारे डॉक्टर म्हणजे इंटर्न आणि रेसिडेंटच होते, अनेक पेशंट सांभाळत लांबलचक ड्यूटी करणारे. तिचे वडील पत्रकार होते, त्यांनी प्रकरण लावून धरलं आणि न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये तासांवर मर्यादा आणली. आपल्याकडेही १९९२ च्या केंद्राच्या निर्देशात निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ४८ तास आणि सलग साधारण १२ तास असं लिहिलेलं आहे. मुंबईतल्या कुठल्याही जेआर-वनला विचारा, छत्तीस तासांची ड्यूटी त्याच्या तोंडून सहज निघते. मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या मागण्यांत तासांचा विषय पुनःपुन्हा येतो तो यामुळेच. इंटर्नलाही नाइट असतात, पण सर्जरीच्या जेआर-वनइतकं अंगावर येत नाही.

मालिकेवर एक टीका नेहमी होते की हे डॉक्टर सगळंच स्वतः करतात. रक्त स्वतः काढतात, पेशंटला एमआरआयला स्वतः नेतात, रिपोर्टसाठी स्वतः पळतात. अमेरिकन प्रेक्षकांना ते खोटं वाटतं, कारण तिथे या कामांना वेगळी माणसं असतात. आपल्या पालिका रुग्णालयांत वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, दुसरीकडे अडकले असतील तर ट्रॉली इंटर्न आणि जेआर-वनच ढकलतात. म्हणजे मालिकेचा जो भाग तिकडे ओढूनताणून आणलेला वाटतो, तो इकडे ओळखीचा निघतो. मला याची गंमत वाटत नाही, त्या मुलांचं वाईट वाटतं.

जॉर्ज नापास होतो त्याचंही थोडं सांगायला हवं. तिसऱ्या सीझनअखेर इंटर्नच्या परीक्षेत तो जेमतेम हुकतो आणि चौथ्यात त्याला तेच वर्ष पुन्हा करावं लागतं, तेही त्याचे मित्र वरच्या पायरीवर गेलेले असताना. आपल्या इंटर्नशिपच्या शेवटी अशी लेखी परीक्षा नसते. लॉगबुकवर सह्या लागतात, गैरहजेरी जास्त झाली की मुदत वाढते. जेआर-वनलाही वर्षाअखेर अडवणारी विद्यापीठाची परीक्षा नाही. तीन वर्षं भरली, प्रबंध दिला, की नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परीक्षा, आणि प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक.

बेली सुरुवातीच्या सीझनमध्ये रेसिडेंट आहे, पण वरच्या वर्षाची. आपल्याकडची जेआर-थ्री, जुन्या मुंबईच्या भाषेत रजिस्ट्रार. बर्क, डेरेक हे अटेंडिंग, म्हणजे आपले लेक्चरर आणि त्यांच्या वरचे सर. वेबर सर्जरीचा विभागप्रमुख, डीन नव्हे. माझं सगळ्यात जास्त प्रेम बेलीवर आहे. तिचे नियम कडक, जीभ तिखट, पण रात्री तिनला पेशंट बिघडला तर ती येणार यात शंका नसते. मुंबईतला प्रत्येक जेआर-वन अशाच एका सीनियरच्या भरवशावर पहिलं वर्ष काढतो. नातेवाईकांना हे ठाऊक नसतं. तरुण चेहरा दिसला की ते म्हणतात, "मोठ्या डॉक्टरांना बोलवा." बाई असेल तर ॲप्रन आणि स्टेथोस्कोप असूनही "सिस्टर" म्हणून हाक मारतात. समोर उभी आहे ती पूर्ण डॉक्टर आहे, पेशंटचं आजचं सोडियम किती हे तिलाच तोंडपाठ आहे, आणि मोठे डॉक्टरही राऊंडला तिलाच विचारणार आहेत.

मालिका आता चारशे भागांच्या पुढे गेली आहे. 'ईआर' या आधीच्या हॉस्पिटल-मालिकेचा सर्वांत जास्त चालण्याचा विक्रम तिने २०१९ मध्येच मोडला. एकोणिसाव्या सीझनमध्ये पाच नवे इंटर्न आले तेव्हा मी धास्तावून बघायला बसलो होतो, आणि मिका यासुदाने मन जिंकलं. शिक्षणाच्या कर्जापायी ती व्हॅनमध्ये राहते. आठ वर्षांची फी डोक्यावर घेऊन पहिल्या वर्षाच्या पगारात जगणं ही तिथल्या इंटर्नची खास अडचण. पालिकेच्या किंवा सरकारी कॉलेजातून शिकलेल्या आपल्या मुलांवर फीचा तेवढा डोंगर नसतो, त्यांच्यापुढे बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष उभं असतं.

क्रिस्टीना यांगचा हिशेब मी मुद्दाम मांडून बघितला. हृदयाची सर्जन व्हायला तिथल्या नेहमीच्या वाटेने बाविसाव्या वर्षी पदवी, सव्विसाव्याला एमडी, एकतिसाव्याला जनरल सर्जरी पूर्ण, आणि पुढे फेलोशिपची दोन-तीन वर्षं. तीच परळला शिकली असती तर अठराव्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश, साडेतेविसाव्याला इंटर्नशिप पूर्ण, पहिल्याच फटक्यात पीजी मिळालं तर साडेसव्विसाव्याला एमएस, मग सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा 'नीट एसएस' देऊन तीन वर्षांचं एमसीएच, म्हणजे हृदयाच्या सर्जरीची पदवी. बाँड आणि प्रवेशाच्या खोळंब्याची वर्षं मिळवली की तीही बत्तिशीच्या आसपास पोचली असती.