शिवाजी पार्क: नावात पार्क, कागदावर मैदान

दादरला नव्याने आलेला पाहुणा शिवाजी पार्कात पाय ठेवतो आणि विचारतो, यात पार्क कुठंय? समोर नुसती माती आणि एकमेकांत घुसलेले दहा-बारा क्रिकेटचे डाव. समुद्रही दिसत नाही, पलीकडच्या इमारतींमागे तो पाच मिनिटांवर आहे.

प्लेगनंतर शहराची गर्दी उत्तरेकडे सरकवण्यासाठी दादर-माटुंग्याची आखणी झाली. हे मैदान १९२५ मध्ये 'माहीम पार्क' म्हणून खुलं झालं. १९२७ मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीला (तेव्हा जन्मसाल १६२७ धरत) एका नगरसेविकेच्या आग्रहावरून नाव बदललं. 'पार्क' तसाच राहिला, २०२० च्या नामविस्तारातही.

खरा घोळ पुढचा. विकास आराखड्यात ही जागा खेळाची. पण संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथेच गाजल्या, १९६६ पासून शिवसेनेचा दसरा मेळावा इथलाच, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे लाखो लोक मुक्कामाला इथेच. मग २०१० मध्ये रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने परिसर शांतता क्षेत्र ठरवला. नियम साधा: शाळा, इस्पितळ, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटरपर्यंत भोंगे बंद. तो इथे लागू झाला आणि मुंबईतलं सर्वात बोलकं मैदान कायद्याने मुकं झालं. रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती. स्पीकरच्या भिंतीसमोर परीक्षेचा अभ्यास करून बघावा. तरीही ज्या मैदानाची ओळखच भाषणांनी घडली, तिथे आवाज हाच गुन्हा ठरावा, हे पचायला जड गेलं. पुढे दरवर्षी परवानग्यांचे खेटे सुरू झाले. अखेर २०१६ मध्ये शासनाने बिगरखेळ कार्यक्रमांना वर्षाचे ४५ दिवस नेमून दिले. २०२२ मध्ये फुटलेल्या शिवसेनेचे दोन्ही गट दसऱ्याच्या त्याच एका दिवसासाठी न्यायालयात भांडले.

संध्याकाळी फिरायला येणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. तो मैदानाभोवती फेऱ्या मारतो, दमला की कट्ट्यावर टेकतो. हा कट्टा म्हणजे मैदानाची बुटकी कुंपणभिंत. आजोबा, कॉलेजची पोरं, नेट आटोपून आलेले खेळाडू, सगळे तिच्यावरच.

आता भांडण आवाजाचं कमी, धुळीचं जास्त. मैदानात टाकलेली लाल माती उन्हाळ्यात उडते. पाणी मारून झालं, गवत लावून झालं. आसपासच्या घरांत खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं तर अजून लालच निघतं.