जॉन हाउलंडची बायको नेमकी कुणाची लेक?

मेफ्लॉवर बोटीतून 1620 मध्ये इंग्लंडहून जे 102 प्रवासी अमेरिकेला आले त्यातला जॉन हाउलंड म्हणजे जॉन कार्व्हरचा तरुण नोकर. वाटेत वादळात समुद्रात पडला, पण शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत होता तो हाताला लागला म्हणून वाचला. तो दोर सुटला असता तर राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट नाही न दोन्ही बुशही नाहीत, तिघंही याच्याच वंशातले!

आता कार्व्हर हा या लोकांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर, 1621 च्या एप्रिलमध्ये वारला. हाउलंड घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगायचे की आपली मूळ आजी, म्हणजे जॉनची बायको एलिझाबेथ, ही कार्व्हरचीच लेक, कुणी म्हणायचं नात. असं छापूनसुद्धा आलं, आणि गव्हर्नरचं रक्त म्हटल्यावर खोलात कोण जातंय.

पुढचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड, त्याने वसाहतीचा इतिहास हाताने लिहून ठेवलेला, पण अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत ती वहीच गायब झाली. सापडली थेट 1855 मध्ये, लंडनच्या बिशपच्या लायब्ररीत, छापली 1856 ला. त्यात मेफ्लॉवरवाल्यांची यादी आहे, घरागणिक. कार्व्हरच्या घरात हाउलंडचं नाव नोकरांत येतं, एलिझाबेथ मात्र तिथे नाहीच, ती आहे जॉन टिली, त्याची बायको आणि त्यांची मुलगी अशा वेगळ्याच नोंदीत. पुढे ब्रॅडफर्डने कोणाचं काय झालं तेही लिहिलंय, की हाउलंडने टिलीच्या मुलीशी लग्न केलं, 10 मुलं, सगळी हयात. झालं, दोनशे वर्षांची कहाणी एका ओळीत आटोपली. बिचारीचे आईबाप पहिल्याच हिवाळ्यात गेले होते, म्हणून कदाचित टिली हे नाव मागे पडलं असेल, हा आपला माझा अंदाज.

नंतर इंग्लंडात बेडफर्डशरच्या हेन्लो गावच्या चर्चच्या दप्तरात तिच्या बाप्तिस्म्याची नोंदही मिळाली, ऑगस्ट 1607.

तारखा बघताना मात्र जपून. तेव्हा इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, ते 1752 पर्यंत, त्यामुळे हाउलंडचा मृत्यू 23 फेब्रुवारी 1672/73 असा दुहेरी लिहितात (त्यांच्या हिशोबाने 1672, आजच्या हिशोबाने 1673) आणि नवख्याला वाटतं टायपो आहे.

मुलींचा माग तर त्याहून अवघड, लग्नानंतर आडनाव बदललं की खेळ खलास. इथे एलिझाबेथचं 1686 चं मृत्युपत्र कामी येतं, त्यात लेकींची नावं सासरच्या आडनावांसकट आहेत. सगळ्यात चांगली पिसांची गादी लेक लिडिया ब्राउनला.