राक्षस देखणाच का लागतो?

केन कानेकी हा कॉलेजात शिकणारा, पुस्तकांत रमणारा, बुजरा पोरगा. नेहमीच्या कॉफीच्या दुकानात येणाऱ्या रिझे नावाच्या मुलीच्या हातात त्याच्याच आवडत्या लेखिकेचं पुस्तक दिसतं, बोलणं सुरू होतं, दोघं फिरायला जातात. रात्री सामसूम रस्त्यावर ती त्याच्या जवळ येते आणि खांद्याचा लचका तोडते. रिझे माणूस नाही, घूल आहे. घूलांना माणसाच्या मांसावाचून दुसरं काही खाऊन जगता येत नाही. 2014 साली जपानी टीव्हीवर आलेल्या ‘टोकियो घूल’ या अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी अॅनिमेशन) मालिकेची ही सुरुवात. मालिका मोठ्यांसाठीच होती, तरी टीव्हीवर दाखवताना तिच्यातली बरीच रक्तबंबाळ दृश्यं झाकावी लागली.

मोठ्यांसाठीच्या भय-अ‍ॅनिमेत माणूस आणि राक्षस यांच्या अशा जोड्या ढिगाने सापडतात. रक्तपिपासू, सैतान, कोल्हीण, मेलेली प्रेयसी, काहीही चालतं. एक अट मात्र सहसा मोडत नाही. ज्याच्यावर प्रेम जडायचं तो राक्षस दिसायला सुंदर असतो. कुरूप राक्षस मारायला ठेवलेले असतात. याला चित्रकारांचा आळस किंवा धंद्याची गणितं म्हणून सोडून देता येईल, पण मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांतून याचं आणखी एक उत्तर मिळतं, आणि मला ते जास्त पटतं.

भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनलिन सुटतं. छातीत धडधडतं, तळहातांना घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, तोंडाला कोरड पडते. आता हीच यादी आवडत्या व्यक्तीशी पहिल्यांदा बोलताना होणाऱ्या अवस्थेशी ताडून बघा. फारसं काही खोडावं लागत नाही. आतून येणारी ही खळबळ बरीचशी एकसारखी असते आणि तिचं कारण मेंदू भोवतालच्या परिस्थितीवरून ठरवतो. त्यात तो चुकू शकतो.

ही चूक पकडण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न कॅनडात झाला. व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीच्या दरीवर झुलता पूल आहे, सुमारे 450 फूट लांब आणि 230 फूट उंच. डोनाल्ड डटन आणि आर्थर एरॉन यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या पुलावर एका तरुणीला उभं केलं. येणाऱ्या पुरुषांकडून ती एक छोटी प्रश्नावली भरून घ्यायची आणि ‘अधिक माहिती हवी असेल तर फोन करा’ म्हणून नंबर द्यायची. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या 18 जणांपैकी 9 जणांनी नंतर फोन केला. जवळच्या बुटक्या, भक्कम लाकडी पुलावर 16 जणांपैकी फक्त दोघांनी.

आकडे लहान आहेत, आणि झुलत्या पुलावर जाणारा माणूस मुळातच धाडसी असेल, असा आक्षेप लगेच सुचतो. संशोधकांनाही तो सुचला होता. म्हणून त्यांनी दुसऱ्या फेरीत पुलावर असलेल्या पुरुषांची तुलना तोच पूल ओलांडून निवांत झालेल्या पुरुषांशी केली. तरीही पुलावरच्यांचेच फोन जास्त आले.

हा प्रयोग इंटरनेटवर इतका फिरला आहे की ‘पहिल्या भेटीला भुताचा सिनेमा दाखवा’ असा सल्ला देणारे त्याचीच साक्ष काढतात. त्यांनी 1981 सालचा ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांचा प्रयोग वाचलेला नसतो. त्यात काही तरुणांना जागच्या जागी दोन मिनिटं धावायला लावलं, काहींना जेमतेम 15 सेकंद. मग सगळ्यांना एका मुलीची चित्रफीत दाखवली. मुलगी एकच, पण एका फितीत तिला छान सजवलेलं, दुसरीत मुद्दाम बेंगरूळ केलेलं. जास्त धावलेल्यांना सजलेली मुलगी अधिकच आवडली. बेंगरूळ मुलगी मात्र त्यांना कमी धावलेल्यांपेक्षाही नकोशी वाटली. म्हणजे धडधडीतून आकर्षण नव्याने जन्मत नाही. समोरच्याबद्दल मनात जे काही आधीच असेल ते चढ्या सुरात वाजायला लागतं. रिझे देखणी आहे म्हणून तिची भीती ओढीच्या खात्यात जमा होते. तीच भीती एखाद्या लिबलिबीत राक्षसाच्या वाट्याला आली असती, तर तिचा तिटकारा झाला असता.

तिटकाऱ्यावरून किळसेचा मुद्दा निघतो. प्रेतं, रक्त, लाळ यांची किळस ही शरीराची रोगांपासूनची पहिली तटबंदी आहे, आणि राक्षसाची गोष्ट तर याच सामानाने भरलेली. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात शार्मेन बोर्ग आणि पीटर द योंग यांनी 2012 साली 90 स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाला शृंगारिक चित्रफीत दाखवली, दुसऱ्याला साहसी खेळांची, तिसऱ्याला आगगाडीच्या प्रवासाची. नंतर त्यांना किळसवाणी कामं दिली, उदाहरणार्थ किडा पडलेल्या पेल्यातून घोट घेणं. किडा प्लास्टिकचा होता, पण तो खराच वाटावा असा. शृंगारिक फीत पाहिलेल्या स्त्रियांनी इतरांपेक्षा जास्त कामं पार पाडली. साहसी खेळांच्या फितीचा तसा परिणाम दिसला नाही. नुसती धडधड पुरत नाही, किळस उतरायला ओढच लागते. अ‍ॅनिमेचे लेखक हा क्रम अनुभवाने पाळत आले आहेत. आधी कॉफी, पुस्तकं, गप्पा, आणि लचका नंतर. क्रम उलटा केला तर प्रेक्षक चॅनेल बदलेल.

आता चेहऱ्याकडे येऊ. टोकियोतले यंत्रमानवशास्त्राचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी 1970 साली एका लेखात आलेख काढून दाखवला होता. यंत्र जसजसं माणसासारखं दिसू लागतं तसतशी आपली आपुलकी वाढते, पण जवळजवळ माणूस वाटण्याच्या टप्प्यावर ती एकदम कोसळते. त्या दरीच्या तळाशी मोरी यांनी चालतं प्रेत ठेवलं. ही दरी आपल्यापुरतीच नसावी. प्रिन्स्टनमध्ये 2009 साली माकडांना माकडांचेच चेहरे दाखवले, तेव्हा खरे चेहरे आणि ढोबळ बनावट चेहरे त्यांनी बराच वेळ पाहिले. हुबेहूब जमवलेल्या कृत्रिम चेहऱ्यांवरून मात्र त्यांनी नजर लवकर काढून घेतली.

अ‍ॅनिमेचा चेहरा या दरीच्या कडेलाही जात नाही. कपाळाखाली अर्धा चेहरा व्यापणारे डोळे, नाकाच्या जागी एक रेघ, चिमुकली हनुवटी. कोनराड लोरेन्झ यांनी 1943 साली बाळांच्या चेहऱ्याची जी लक्षणं सांगितली, मोठं कपाळ, मोठे डोळे, आखूड नाक, त्यांच्याशी हे बरंच जुळतं. माणसाचं चित्र इथे आधीच माणसापासून इतकं लांब गेलेलं असतं की राक्षसाला फक्त बुबुळं लाल करून भागतं. खऱ्या नटाला तसंच रंगवलं की तो रंगवलेला नट दिसतो, निदान मला तरी.

मोरी यांच्या आलेखात आणखी एक गंमत आहे. बुनराकू या जपानी बाहुलीनाट्यातली बाहुली त्यांनी दरी ओलांडून पलीकडे, निरोगी माणसाच्या बाजूला ठेवली. रंगमंचापासून थोडं लांब बसलं की ती जिवंत वाटते, असं त्यांचं म्हणणं. याच बाहुल्यांनी 1734 साली ओसाकात कुझुनोहाची गोष्ट रंगवली. शिकाऱ्यांपासून वाचवणाऱ्या तरुणाशी कोल्हीण कुझुनोहा नावाच्या मुलीचं रूप घेऊन संसार करते, मूल होतं, आणि खरी कुझुनोहा दारात येते तेव्हा पोराला सोडून तिला रानात परतावं लागतं. तीन माणसांनी मिळून एक बाहुली चालवण्याची पद्धत याच नाटकात पहिल्यांदा वापरली गेली असं मानतात. माणूस आणि प्राणी यांच्यातलं प्रेम पटवायला जपानी कलावंतांनी हलणाऱ्या चेहऱ्यांवर मेहनत घ्यायला तेव्हापासूनच सुरुवात केली होती.

भीतीचं प्रमाणही जमावं लागतं. डेन्मार्कमधल्या व्हायले इथल्या एका भुताच्या वाड्यात मार्क अँडरसन, मथियास क्लासेन आणि सहकाऱ्यांनी 110 जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बांधून फिरवलं. 2020 साली आलेला निष्कर्ष असा की मजा मधल्या भीतीत सगळ्यात जास्त येते. फार कमी भीती कंटाळवाणी, फार जास्त असह्य.

राहिला ‘निषिद्ध’ हा भाग. विरोधाने प्रेम वाढतं हे आपल्याकडे सिनेमांनी गृहीतच धरलं आहे. अमेरिकेत 1972 साली 140 जोडप्यांच्या अभ्यासात तसं दिसलंही होतं, आई-वडिलांची आडकाठी जास्त तिथे प्रेम उत्कट. 2014 साली दुसऱ्या संशोधकांनी तो अभ्यास पुन्हा केला तेव्हा हे दिसलं नाही. घरच्यांची आणि मित्रांची मान्यता असेल तिथेच नातं घट्ट निघालं. मला वाटतं राक्षसकथांची खरी फोडणी विरोधाची नसून गुपिताची आहे. भीम आणि हिडिंबेच्या लग्नाला तर कुंतीचीच संमती होती, आणि ती प्रेमकथा म्हणून कुणाला फारशी आठवत नाही.

गुपिताचा प्रयोग 1994 साली डॅनियल वेग्नर यांनी केला. अनोळखी स्त्री-पुरुष जोड्यांना पत्ते खेळायला बसवलं आणि काहींना टेबलाखाली जोडीदाराच्या पायाला पाय लावून ठेवायला सांगितलं, समोरच्या जोडीला न कळू देता. गुपचूप पाय लावलेल्यांना जोडीदाराबद्दल ओढ अधिक वाटली. उघडपणे लावलेल्यांना तितकी नाही.

जपानी लोककथांत गुपिताची अट जागोजागी आहे. शतपथ ब्राह्मणातल्या उर्वशीनेही पुरूरव्याला अट घातलेली होतीच, फक्त ती गुपिताची नव्हती, तो तिला विवस्त्र दिसू नये अशी होती. लाफ्काडिओ हर्न यांनी 1904 साली छापलेल्या युकी-ओन्नाच्या कथेत बर्फाची बाई म्हाताऱ्या लाकूडतोड्याला फुंकर घालून मारते आणि तरुण मिनोकिचीला देखणा म्हणून सोडते. यातलं चकार शब्द बोललास तर जीव घेईन, अशी तंबी देते. पुढे त्याला एक बायको मिळते आणि दहा मुलं होतात.

प्रत्यक्षातल्या जोडप्यांमध्ये लपवालपवीचं सुख फार टिकत नाही. 2005 साली क्रेग फॉस्टर आणि कीथ कॅम्पबेल यांना आढळलं की नातं लपवून ठेवावं लागणाऱ्यांचं त्या नात्यातलं समाधान कमी असतं. टेबलाखालचा पाय डावापुरता असतो, मिनोकिचीला मात्र वर्षानुवर्षं तोंड दाबून बसावं लागलं. शेवटी ते उघडलं तेही नेमकं बायकोपुढेच, आणि बायको म्हणजे तीच बर्फाची बाई होती.